देवाच्या डब्यातला नळ

माझ्या डाव्या भुवईवर एक वण आहे. तो सोलापुरात आमच्या गल्लीच्या नळावर मिळाला. दुष्काळ नुकताच सरला होता, तळी भरली होती, पण गल्लीच्या कोपऱ्यावरच्या त्या एकुलत्या नळाला हे कुणी कळवलंच नव्हतं. पहाटे पाणी यायचं ते इतकं सावकाश, की घागर लावून बाईनं बाळंत व्हावं, बारसं उरकावं आणि मग येऊन घागर उचलावी. रांग तर अशी, की शेपटाकडून मराठीत सुटलेली शिवी विणकरांच्या बायकांमधून पुढं सरकताना तेलुगू व्हायची आणि नळापाशी पोचेपर्यंत तिला अक्कलकोटकडचा कानडी हेल लागलेला असायचा. मी त्या रांगेत पाच वर्षं उभी राहिले. तेवढ्यात माणूस वकील होतो.

तर मला घरात नळ हवा होता. नवी पेठेतून जाताना बाकीच्या बायका सराफाच्या काचेपुढं रेंगाळायच्या, मी लोखंडसामानाच्या दुकानात टांगलेल्या पितळी तोट्यांपुढं. एकदा दुकानदारानं विचारलंसुद्धा, "बाई, घ्यायचीय का नुसतीच नजर लावायचीय?"

घ्यायची होती हो. पण मध्ये आमचे हे होते.

आमचे हे म्हणजे माझे यजमान. गिरणीत कारकून होते. माणूस सोन्यासारखा, आणि सोन्यासारखाच घरात टिकत नसे. ह्यांचा हात खिशातून बाहेर येताना अख्ख्या सोलापूरनं पाहिला होता, आत जाताना कुणीही पाहिला नव्हता. बार्शीहून कुणाच्या तरी मेव्हण्याचा चुलता डोळे तपासायला आला की आमच्याकडं उतरायचा, आणि जाताना ह्यांच्या पैशानं चष्मा घालून जायचा. मी मोजले होते. आमच्या पगारावर बार्शीतली निदान चाळीस माणसं स्वच्छ बघत होती.

त्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी पैशावर उपदेश केला. पैसा आपला नाही, देवाचा आहे, आपण नुसते कारभारी, आणि कारभाऱ्याला एक दिवस मालकापुढं हिशेब ठेवायचा आहे. उपदेश चांगला होता. माझी सासू सासऱ्यांना जन्मभर कारभारी म्हणत आली आणि त्यांच्याकडून कधी एका दमडीचा हिशेब तिला मिळाला नाही, तेव्हा मीही मान डोलावली. पण मान डोलावून घरी येऊन जेवावं आणि झोपावं, असं आमच्या ह्यांना कुठं जमतंय. त्यांनी त्याच दुपारी बाळाच्या दुधाचे तीन रिकामे डबे धुतले, त्यांवर कागद चिकटवले आणि फळीवर ओळीनं मांडले: देवाचा डबा, घराचा डबा, उद्याचा डबा.

पगार झाला की पहिला दशांश देवाच्या डब्यात. तो पहिल्या रविवारी पाकिटात घालून चर्चमध्ये न्यायचा. मग घराचा. उरेल ते उद्याच्या डब्यात. वाचायला छान वाटतं ना? उद्याचा डबा मी दर आठवड्याला उघडायची, आणि त्यात फक्त डब्याचा तळ असायचा. कारण दारात कुणी रडत आलं की हे म्हणायचे, "अगं, ह्याचा आजच जातोय, आपला उद्या बघू."

मी गुपचूप कामाला लागले. शेजारच्या विणकराच्या घरच्या अक्का चादरींच्या दशांना, म्हणजे टोकाच्या सुट्या धाग्यांना, गाठी मारायचं काम बायकांना द्यायच्या. मी दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून गाठी मारायची. दोन वर्षांत इतक्या मारल्या, की एकाला एक जोडल्या असत्या तर सांगोल्यापर्यंत दोर गेला असता आणि परत येऊन दाराला कडीही बांधता आली असती. झोपेतसुद्धा माझी बोटं चालायची. एकदा सकाळी उठून बघते तर ह्यांच्या धोतराच्या काठाला ओळीनं बत्तीस गाठी.

पैसे साठले, पण ठेवायचे कुठं? उद्याच्या डब्याचं सांगितलंच. तांदळात ठेवले तर तांदूळ दान व्हायचे. गादीखाली ठेवले तर गादी. शेवटी मला एक जागा सापडली, आणि आपल्या अकलेचं मला इतकं कौतुक वाटलं की मी एकटीच हसले. घरात अशी एकच जागा होती, जिथून आमचे हे कधी कुणाला काही काढून देणार नाहीत. देवाचा डबा.

मी पुठ्ठ्याची गोल चकती कापली, डब्याच्या तळाशी नोटा अंथरल्या, वर चकती, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद. हे वरून दशांश टाकायचे, वरूनच काढायचे. खाली माझा नळ निर्धास्त झोपलेला. देवाला पहारेकरी नेमलं आणि पगारही दिला नाही. त्याचं जे व्हायचं ते पुढं झालंच.

सुगीच्या सणाआधीच्या शुक्रवारी पाण्याच्या कचेरीतल्या कारकुनानं मला सांगितलं, "नंबर लागलाय तुमचा. दीडशे रुपये अनामत, बुधवारपर्यंत. नाही भरलं तर नाव यादीच्या तळाला. मग दोन वर्षं इकडं यायची तसदी घेऊ नका."

डब्यात एकशेसाठ होते. मी घरी चालत आले नाही, तरंगत आले.

आता सुगीचा सण काय असतो ते सांगते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. शेतातलं, परसातलं, खुराड्यातलं जे देवानं दिलं, त्यातलं काही लोक चर्चमध्ये पुढच्या मेजावर आणून ठेवतात. खांबांना ऊस बांधलेला, ज्वारीची कणसं, वांगी, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. कोंबडे नेमके प्रार्थनेत आरवतात. उपासना झाली की अंगणात प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं मिळून जेवण, आणि जेवणानंतर त्या मेजावरच्या वस्तूंचा लिलाव. पैसे चर्चला. लिलाव करायचे रेल्वेतले एक निवृत्त गार्ड. एक वार, दोन वार म्हणायचे आणि गाडी सोडल्यासारखी शिट्टी मारायचे. शिट्टी वाजली की माल गेला.

आमच्यात नियम एकच, पण कडक. मेजावर गेलेली वस्तू लिलावातूनच बाहेर पडणार. एकदा एका आजोबांची छत्री चुकून वांग्यांजवळ राहिली. तिचाही लिलाव झाला, आणि आजोबांनी स्वतःची छत्री सव्वादोन रुपयांना विकत घेऊन उन्हातून घर गाठलं.

आणि आमचे हे लिलावात म्हणजे आगीजवळ कापूस. त्यांना वस्तू नको असायची. पण दोन वार झाल्यावर जी शांतता पडते, ती ह्यांना सोसायचीच नाही. कुणाचा तरी कोंबडा आठ आण्यांत चाललाय, देणाऱ्याला काय वाटेल, ह्या दयेनं तोंडातून आकडा निघून जायचा. दुष्काळाआधीच्या सणात आम्ही घरी आणलं ते असं: एक लंगडा कोंबडा, तीन शेर चिंच, आणि आमच्याच दारचा, आम्हीच दिलेला, आमचा भोपळा.

तर त्या रविवारी मी लेकरांना तयार करून पुढं गेले. हे मागून आले. मी बायकांच्या बाजूला बसले, हे पुरुषांच्या. अर्पणाचं गीत सुरू झालं, लोक ओळीनं पुढं जाऊ लागले. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या हातात कोंबडी. आणि ओळीत आमचे हे. हातात पाकीट नाही. हातात डबा.

माझ्या तोंडातलं गीत तिथंच अडकलं. शेजारची बाई म्हणाली, "वरच्या पट्टीत गेलंय होय?"

हे मेजापाशी गेले, डबा दोन्ही हातांनी भोपळ्याशेजारी ठेवला, डोळे मिटले. दुष्काळातून देवानं सगळ्यांना तारलं, तेव्हा ह्या वर्षी पाकीट पुरायचं नाही, डब्यासकट द्यायचं, असं ह्यांच्या मनात आलं होतं. मनात आलेलं बायकोला सांगावं, हे मात्र आलं नव्हतं.

चर्चचे खजिनदार पैसे मोजायला बाजूच्या खोलीत डबा घेऊन गेले. हे गृहस्थ इतके काटेकोर, की पेटीत खोटं नाणं सापडलं तर पुढच्या रविवारी ते हातात धरून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. भिंतीपलीकडून डबा आपटल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. मग चकती पडल्याचा.

पाळकसाहेबांनी खजिनदारांनी आणून दिलेली चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. "एका कुटुंबाच्या डब्यातून," ते म्हणाले, "दोनशे चौदा रुपये मिळाले आहेत."

सबंध चर्चनं एकदम श्वास आत घेतला. दोन पणत्या असत्या तर विझल्या असत्या. कोंबडेसुद्धा गप्प.

आणि आमचे हे उठून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "मला साक्ष द्यायची आहे," ते म्हणाले. "ह्या डब्यात मी माझ्या हातानं चोपन्न रुपये ठेवले होते. मोजून ठेवले होते. वर एकशेसाठ कुठून आले, मला माहीत नाही. पण देवाला माहीत आहे."

देवाला होतंच हो. मलाही होतं.

बायका डोळे पुसायला लागल्या. बारा वर्षं पेटीत फक्त बटण टाकणारा एक दुकानदार घळाघळा रडत होता. मी काय करणार? बोलावं, तर नवऱ्यापासून पैसे लपवले आणि देवाची तिजोरी केली हे दोनशे माणसांत कबूल करा, शिवाय नवऱ्याचा चमत्कार मोडा. न बोलावं, तर बुधवार जातो आणि दोन वर्षं घागर. देवाला द्यायच्या पैशातले मागं ठेवून खोटं बोललेल्या बायबलातल्या जोडप्याचं पुढं काय झालं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. दोघं जागच्या जागी मेली. मी हळूच दाराकडं सरकून बसले.

जेवणाच्या वेळी मी ह्यांना मोठ्या पातेल्यांच्या मागं ओढलं. पानावर भात तसाच. हे अजून आभाळातच होते.

"अहो, ते एकशेसाठ माझे होते."

"तुझे म्हणजे?"

"म्हणजे माझे. अक्कांकडच्या गाठींचे. तळाशी ठेवले होते. नळाची अनामत भरायचीय बुधवारी."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं. मी तयारीत होते.

"म्हणजे ते वाढले नव्हते?" एवढंच म्हणाले.

"वाढले होते की. मी वाढवले होते. एकेक गाठ मारून."

"आणि माझ्यापासून लपवलेस."

"तुमच्यापासून नाही. बार्शीपासून."

त्यांनी पान खाली ठेवून हात धुतले. "मग हे सांगायला पाहिजे," म्हणाले.

"पाळकसाहेबांना एकट्यांना सांगा. बाजूला घेऊन."

"साक्ष सगळ्यांपुढं दिली मी."

हा असा माणूस. खोटं बोलला असता तर मी जन्मभर टोमणे मारले असते, खरं बोलायला निघाला तर त्याच्या सदऱ्याला धरून मागं ओढत होते. सदरा सुटला. गार्डसाहेब शिट्टी पुसत होते, तोच हे लिलावाच्या जागी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मघाशी मी चमत्कार झाला म्हणालो. तो माझ्या बायकोनं केला होता." आणि सगळं सांगितलं. गाठी, चकती, नळ, बुधवार. बार्शीसुद्धा.

आधी कुणी हसलं नाही. मग गार्डसाहेबांना उचकी लागल्यासारखं झालं, आणि अंगण जे फुटलं, ते मेजावरची अंडी हलली. मी जमिनीत जायची वाट बघत होते. सोलापूरची जमीन टणक. गेले नाही.

पाळकसाहेब हसू आवरून म्हणाले, "बाईंचे पैसे बाईंना देऊन टाकू या."

"देता येणार नाहीत," खजिनदार म्हणाले. ते एकटेच हसले नव्हते. "मेजावर आलेलं आहे. आज डबा परत दिला तर उद्या कोंबडे परत मागतील." मग माझ्याकडं वळून, "आणि ताई, विचारतो म्हणून रागवू नका. ह्या एकशेसाठचा दशांश निघाला होता का?"

निघाला नव्हता. मी पदर तोंडाला लावला. त्याला लोकांनी रडणं समजावं, अशी माझी इच्छा होती.

वाद सुरू झाला. अर्धे म्हणाले द्या, अर्धे म्हणाले छत्री आठवा. छत्रीवाले आजोबा काठी आपटून म्हणाले, "माझे सव्वादोन आधी द्या." शेवटी गार्डसाहेबांनी शिट्टी मारली.

"कशाला भांडताय? मेजावरचा माल भायेर जायाला रस्ता एकच हाय न्हवं? मग जाऊ द्या की त्याच रस्त्यानं. ह्यांचे चोपन्न काढून घ्या, बाकीचा डबा लिलावाला काढू. ताई एक रुपाया बोलतील, दुसरं कुणी बोलायचं न्हाय, मी शिट्टी मारतो. नियम बी राहिला आन् नळ बी."

खजिनदारांना त्यात खोट काढता येईना. पाळकसाहेबांनी मान हलवली. सगळ्यांनी ओठांवर बोटं ठेवली.

"देवाचा डबा," गार्डसाहेब म्हणाले, "आतल्या ऐवजासकट. बोला."

"एक रुपया," मी म्हणाले.

"एक रुपाया एक वार. एक रुपाया दोन वार."

शांतता पडली. ती शांतता. मी ह्यांच्याकडं पाहिलं. गळ्याची घाटी वर गेली होती आणि खाली येत नव्हती. मी डोळ्यांनी दटावलं. मान हलवली. पायातली चप्पल दाखवली.

"दोन," आमचे हे म्हणाले.

"अहो. मी बोलले ना."

"ऐकलं. पण देवाचा डबा रुपयात चाललाय. बरं दिसत नाही."

"तीन."

"पाच."

"अहो, माझ्याविरुद्ध बोलताय तुम्ही."

"तुझ्याविरुद्ध नाही गं. डब्याच्या बाजूनं."

"सात," मी म्हणाले. माझ्या कानातून वाफ निघत होती. पाच वर्षांची रांग, दोन वर्षांच्या गाठी, भुवईवरचा वण, सगळं त्या आकड्यात ओतून मी बोलत होते. हे "दहा" म्हणाले. मी "अकरा" म्हणाले. हे "पंधरा". गार्डसाहेब शिट्टी तोंडात धरून इकडून तिकडं मान फिरवत होते. तीस गेले, पस्तीस गेले. मी चाळीस म्हणाले, हे एकेचाळीस म्हणाले. मी बेचाळीससाठी तोंड उघडलं, तेवढ्यात पाळकसाहेबांच्या पत्नीनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "अगं, तुम्हा दोघांचं घर एकच ना?"

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दोन रुपयांना मी गप्प बसले असते, तर डबा दोन रुपयांत आमच्याच फळीवर आला असता.

शिट्टी वाजली. ह्यांच्या खिशात एक रुपया आणि सायकलची किल्ली होती. एकेचाळीस रुपये डब्यातूनच गेले. खजिनदारांनी पावती फाडली आणि म्हणाले, "दशांशापेक्षा बरंच जास्त झालं, ताई. देव लक्षात ठेवील."

मीही ठेवलं.

मी लेकरांना घेऊन तरातरा घराकडं निघाले. हे डबा काखेत घेऊन चार पावलं मागून येत होते. आत एकशेएकोणीस. कमी एकतीस. सोमवारी मी चूल पेटवली ती भांडी आपटूनच. संध्याकाळी हे गिरणीतून आले ते चालत, सायकल हातानं ढकलत. सायकलच्या पुढं नुसती तार लोंबत होती. ह्यांचा डायनामो आणि दिवा म्हणजे ह्यांचा जीव. रविवारी ते लेकरांआधी दिवा पुसायचे. त्यांनी खिशातून पस्तीस रुपये काढून माझ्या हातावर ठेवले.

"कुणाला विकलात?"

"खजिनदारांना."

"घासाघीस केली का त्यांनी?"

"त्यांनी तीस म्हटले," हे म्हणाले. "मग कुणीच काही बोलेना. मला वाटलं, दिव्याला बरं दिसत नाही. मी पस्तीस म्हणालो."

जन्मात पहिल्यांदा त्या सवयीनं पैसे घरात आले होते. मी तोंड फिरवून चुलीकडं बघितलं, कारण हसले असते तर भांडण मोडलं असतं.

मंगळवारी पैसे भरले. महिन्याभरात नळ आला. पितळी तोटी मी स्वतः नवी पेठेतून आणली, त्याच दुकानातून. पहिल्या दिवशी नळ तासभर नुसता खोकला, मग तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. मी घागर लावली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा घागर भरताना खाली बसले.

एक भरली, दोन भरल्या. हे दारात उभे राहून बोटं मोजत होते. मला वाटलं कौतुकानं. दहावी भरली तशी ती उचलून बाहेर घेऊन निघाले.

"कुठं निघालात?"

"ही दहावी," हे म्हणाले. "पाणी काय आपलं आहे का? आपण नुसते कारभारी." आणि दारात पाहिलं तर सगळी रांग. तेलुगू, कानडी, मराठी, सगळ्या घागरी ओळीनं मांडलेल्या. ह्यांनी आदल्या दिवशीच गल्लीत सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नऊ घागरी भरल्या की दहावी येऊच नये म्हणून मी तोटी घट्ट पिळून बंद करायची आणि भाजी चिरायला बसायची. हे दारात बोटं धरून उभे. रांग त्यांच्याकडं बघते, ते माझ्याकडं बघतात, आणि सगळीकडं तीच ती शांतता. ती त्यांना किती वेळ सोसायची, हे मला माहीत होतंच. मी तिसऱ्या कांद्यापर्यंत पोचायच्या आतच ह्यांनी तोटी उघडल्याचा आवाज यायचा.